वळचणीचा पत्रा

पत्र्याचं छप्पर खालून बघायचं असतं. भर दुपारी शेडमध्ये उभं राहावं, दारं लोटून घ्यावीत, खिडक्यांवर गोणपाट टाकावं, दिवे मालवावेत आणि डोळे काळोखाला सरावेपर्यंत गप्प थांबावं. मग भोकं दिसायला लागतात. आधी दोन-चार, मग आणखी. सुईच्या टोकाएवढा उजेड. पण पावसाळ्यात तेवढ्यातूनच पोती भिजतात.

वडील रोहिण्या लागल्या की हे करायचे. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला बांधलेला खडू. ठिपका दिसला की आतून फुली. मग मिस्त्री वर चढायचे आणि वडील खालून बांबूने ठोकून जागा दाखवायचे. वरच्या माणसाला भोक दिसत नाही, खालच्याचा हात तिथे पोचत नाही. छपराचं काम एकट्याचं कधीच नसतं.

*

दापोली तालुक्यात समुद्रापासून दीड किलोमीटरवर आमची भाताची गिरण आहे. शेड १९७८ सालची. लोखंडी कैच्या, त्यांवर अँगलचे आडवे, वर पन्हळी पत्रे. आधी तिथे कौलं होती. वानरांनी उड्या मारून मारून ती फोडली, तेव्हा पत्रे आले. कोकणात पुष्कळ घरांवर पत्रा आला तो याच कारणाने.

कौल फुटतं तेव्हा आवाज होतो. पत्रा जातो तेव्हा काहीच ऐकू येत नाही. कौलाचं दुःख एका दिवसाचं. पत्र्याचं दहा वर्षं मुरत असतं आणि मग एका रात्रीत कळतं.

*

सपाट पत्रा हातात धरला तर लुळा पडतो. त्यालाच पन्हळी पाडल्या की दोन आडव्यांमधलं अंतर तो स्वतः तोलतो. ही युक्ती लंडनच्या गोदीवरच्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरची. १८२९ साली त्याने तिचं पेटंट घेतलं. वजन वाढवलं नाही, धातू बदलला नाही, नुसत्या घड्या पाडल्या. घडी पडली की बळ येतं, हे माणसांबद्दलही खरं असावं असं मला वाटतं, पण पत्र्याबद्दल ते नक्की खरं आहे.

घडीने बळ आलं, आयुष्य आलं नाही. ते आलं आठ वर्षांनी, १८३७ मध्ये. फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेलने लोखंडाला जस्ताचा लेप देण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. आज बाजारात चांगला म्हणून जो जस्ती पत्रा मिळतो, त्यावर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असतं. म्हणजे एका बाजूला सुमारे २० मायक्रॉन. माणसाचा केस याच्या तिपटीहून जाड. सबंध पावसाळा आणि आपलं डोकं यांच्यामध्ये एवढंच असतं.

*

मराठीत दोन शब्द आहेत: झिजणं आणि गंजणं. झिजण्याला आपण मान देतो, चंदनाची उपमा देतो. गंजण्यात आळस आहे, पडून राहणं आहे. जस्त आणि लोखंड यांच्या नात्यात हे दोन्ही शब्द एका पत्र्यावर भेटतात. पत्र्याला ओरखडा गेला, लोखंड उघडं पडलं, तरी लगेच गंज धरत नाही. आजूबाजूचं जस्त आधी स्वतःला देतं. ते झिजतं म्हणून लोखंड गंजत नाही.

पण जस्ताचा साठा मोजका आहे. देणारं संपलं की घेणाऱ्याची पाळी येते.

*

पाणी पडल्याने पत्रा जात नाही. पाणी थांबल्याने जातो.

एवढं एक वाक्य कळायला मला बारा वर्षं लागली.

*

दिवाळीत, फराळाच्याही आधी, वडील वळचण धुवायचे. विहिरीवरची मोटर लावून, नळीचं तोंड वर धरून, पत्र्याच्या पुढे आलेल्या कडेला खालच्या अंगाने पाणी मारायचे. शिमग्याच्या आधी पुन्हा एकदा. समुद्राकडची पश्चिमेची बाजू जास्त वेळ. आम्ही मुलं म्हणायचो, बाबा, चार महिने पाऊस पडून गेलाय, आता छप्पर कसलं धुताय? ते म्हणायचे, पावसाने वरची बाजू धुतली, खालची कोण धुणार?

त्यांनी हे हर्णै बंदरात पाहिलं होतं. बोट किनाऱ्याला लागली की खलाशी इंजिनावर, साखळ्यांवर गोडं पाणी मारतात. खाऱ्या पाण्याने ओलं झालेलं लोखंड गोड्या पाण्याने धुवायचं, मगच घरी जायचं. यामागचं शास्त्र वडिलांना कुणी शिकवलं नव्हतं. ते मी पुढे वाचलं. समुद्रावरून येणारा वारा मिठाचे कण आणतो. उघड्या पत्र्यावर बसलेलं मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीखाली पाऊस पोचत नाही, वारा मात्र पोचतो. तिथे मीठ साचतच राहतं. हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ आपणहून पाणी ओढून घेतं. कोकणात हे बहुतेक रात्री होतं. म्हणजे एक थेंबही न पडता तो पत्रा वर्षभर ओला होत राहतो.

ज्या जागेला आपण आडोसा म्हणतो, तीच जागा आधी कुजते.

*

२००८ साली वडील गेले. वळचण धुणं मी बंद केलं. ठरवून केलं असंही नाही. पहिल्या दिवाळीला सुतक होतं, दुसऱ्या दिवाळीला वेळ नव्हता, तिसऱ्या दिवाळीला आठवण राहिली नाही. सोडलेली कामं अशीच सुटतात. कुणी दार आपटून जात नाही.

*

आतलं गंजणं वेगळंच. गिरणीत भुसा उडतो, कोंडा उडतो. पिठासारखा बारीक कोंडा वर जातो आणि अँगलच्या सपाट अंगावर बसतो. दिसायला नुसती धूळ, पण ती ओल धरून ठेवते, पोटाशी धरल्यासारखी. पावसाळ्याआधी शिडीवर चढून झाडूने ती पाडावी लागते. कोंड्याखालचा अँगल एकदा उघडा करून बघा. वरून राखाडी, खाली तांबूस, आणि नखाने उचललं तर पापुद्रा निघतो.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. दोन अँगल पाठीला पाठ लावून बोल्टने आवळलेले असले आणि मधल्या फटीत ओल शिरली, तर गंज फुगून त्यांना एकमेकांपासून दूर सारतो. बोल्ट ताणला जातो. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या छज्ज्यांखाली सिमेंटचे पोपडे सुटतात, आतली सळई उघडी पडते, तेही याच फुगण्याने. क्षय म्हटलं की आपल्याला कमी होणं आठवतं. लोखंडाचा क्षय आधी वाढतो.

*

पत्रा मध्यावर क्वचित जातो. जातो तो कडेला, भोकाशी, एकावर एक चढवलेल्या जोडाखाली, वायसरच्या खाली. एक वस्तू दुसरीला टेकते तिथे. आमच्याकडे एकदा डिशच्या खांबाची तांब्याची तार वर्षभर पत्र्यावर लोळत होती. तारेवरून ओघळलेलं पाणी जिथून वाहिलं, तिथे पत्र्यावर सरळ रेघ पडली, चाकूने कापल्यासारखी. तार शाबूत होती. दोन धातू शेजारी ठेवून मध्ये पाणी दिलं की एक जगतो तो दुसऱ्याच्या जिवावर. म्हणून छपरावर काय टेकलंय याची चौकशी छपराच्या चौकशीइतकीच महत्त्वाची. फणसाची पानं, तुटलेलं कौल, विसरलेली पक्कड, ड्रिलमधून पडलेला लोखंडाचा कीस. कीस तर झाडूनच उतरावं. चार दिवसांत प्रत्येक कण आपल्याभोवती तांबडा डाग पाडतो.

*

संध्याकाळी गिरण बंद केली आणि शांत बसलं की छप्पर बोलतं. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. दिवसभर तापलेला पत्रा आखडत असतो. वैशाखात पहाटेपासून दुपारपर्यंत पत्र्याचं तापमान सहज चाळीस अंशांनी वाढतं आणि वीस फुटांचा पत्रा त्यात सुमारे तीन मिलिमीटर लांबतो. रात्री तेवढाच आखडतो. रोज. बोल्ट जागचा हलत नाही, पत्रा हलतो, आणि वर्षानुवर्षं हलून भोक लांबोळं होतं. डांबरी वायसर वाळतो, त्याला चिरा जातात.

म्हणून बोल्ट आवळायला जायचं ते दरवर्षी, आणि आवळायचं ते बेताने. ढिला बोल्ट गळतो हे सगळ्यांना माहीत असतं. फार आवळलेला बोल्टही गळतो. पत्रा खड्ड्यासारखा दबतो आणि पाणी नेमकं भोकाशी जमा होतं. आमचे मिस्त्री पान्ह्यावर जोर देत नाहीत. वायसर जरा फुगला की हात काढतात. हा जरा त्यांच्या मनगटात आहे, तो सांगून येत नाही. मी पाच वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिकलो आणि अजून दहातला एखादा माझ्याकडून जास्त आवळला जातो.

वर चालण्याचेही त्यांचे नियम आहेत. जिथे बोल्टांची रांग तिथेच पाय, कारण खाली अँगल असतो. उजेडासाठी घातलेल्या फायबरच्या पत्र्यावर कधीच नाही, मग तो कितीही धड दिसो. उन्हाने तो आतून ठिसूळ झालेला असतो. एकदा त्यांच्या हाताखालच्या पोराचा पाय त्यातून आरपार गेला. काखेत अँगल अडकला म्हणून तो वाचला. खाली गिरणीचा पट्टा होता. त्या दिवसापासून कमरेला दोर बांधल्याशिवाय आमच्या छपरावर कुणी चढत नाही, मीही नाही. छप्पर पुन्हा घालता येतं.

*

आमच्या मधल्या कैचीवर पांढऱ्या रंगात सालं लिहिलेली आहेत. रंगकाम पुरं झालं की रंगारी लिहितो. १९७८, १९८४, १९९०, १९९६, २००३. पुढे २००९ आणि लगेच २०११.

२००९ चं काम माझं. पहिलंच. रंगारी म्हणाला, खरवडण्यात आठवडा जाईल, नुसता मारून देतो, दोन दिवसांत होईल. पैसे निम्मे. मी हो म्हटलं. रंग सुंदर दिसत होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कैचीवर फोड आले. बोटाने दाबले तर आत भुकटी. रंगाखाली गंज जसाच्या तसा होता, आणि आता त्याच्यावर पांघरूण होतं.

गंजावर मारलेला रंग गंजाचाच असतो.

२०११ ला सगळं पुन्हा केलं. वायर ब्रश, पॉलिश पेपर, कोपऱ्यात शिरायला जुना चाकू. लोखंड उजळ दिसेपर्यंत. त्याच दिवशी रेड ऑक्साइड, कारण आमच्याकडे उघडं लोखंड एक रात्र ठेवलं तरी सकाळी लाली धरतं. वर ऑइलपेंटचे दोन हात. नऊ दिवस लागले. नऊपैकी साडेसहा दिवस नुसतं खरवडणं. रंगकामात रंगाचा वाटा एवढा थोडा असतो, हे कैचीखाली मान वर करून बसल्याशिवाय पटत नाही.

*

पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला तेव्हा त्याला परवानगी वीस वर्षांची होती. तो अजून आहे. साधारण सात वर्षांनी त्याला रंग देतात, एका खेपेला सुमारे साठ टन, आणि रंगारी अजून हाताने, ब्रशनेच देतात. टॉवर बघायला जाणारे लोक लोखंड बघून येतात असं मानतात. त्यांना दिसलेला असतो तो रंग. लोखंड कुणाला दिसू न देणं, हेच त्या रंगाऱ्यांचं काम.

आणि मुंबईत, काळाघोड्याजवळ, वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले खांब आणि तुळया जहाजाने आणून इथे जोडल्या. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच इमारतीत. पुढे हॉटेल गेलं, इमारतीचं एस्प्लनेड मॅन्शन झालं, खोल्या विभागल्या, भाड्याने गेल्या. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला. जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या २००६ सालच्या यादीत तिचं नाव होतं. मी त्या फुटपाथवरून अनेकदा गेलो आहे. ओतीव खांब बघितले की मला इतिहास आठवत नाही. कुणी तरी दिवाळीला यांच्यावर पाणी मारायला हवं होतं, एवढंच मनात येतं. खोल्या पुष्कळ असल्या की छप्पर कुणाचं नसतं. हे मला फार लागतं, कारण त्या वास्तूला मारणारं वादळ नव्हतं.

दिल्लीचा लोहस्तंभ लोक दाखवतात. सोळाशे वर्षं झाली, गंजला नाही. कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठावर एक पातळ राखणारा थर तयार झाला, असं त्यांनी दाखवलं. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आली. मला त्या स्तंभाचा अभिमान आहे. पण गिरणीच्या मालकाने तो फार वेळ बघू नये. आपलं लोखंड तसलं नाही, हवाही तसली नाही.

*

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दुपारपर्यंत आमच्या तालुक्यात पोफळी, आंबे, विजेचे खांब आडवे झाले होते. वारा छप्पर ढकलत नाही, उचलतो. छपरावरून वेगाने जाताना तो वर ओढ निर्माण करतो, आणि ही ओढ सर्वांत जास्त कडेला आणि कोपऱ्यांना असते.

आमचे सात पत्रे गेले. सातही पश्चिमेच्या वळचणीचे.

दुसऱ्या दिवशी शिडी लावली. बोल्ट जागच्या जागी होते. वायसर होते. वायसरच्या खाली पत्र्याची रुपयाएवढी चकतीसुद्धा काही ठिकाणी शिल्लक होती. पत्रा तिच्याभोवती फाटून निघून गेला होता, लिफाफ्याचं तिकीट राहावं आणि लिफाफा जावा तसा. चकतीची कड हातात घेतली तर ती बिस्किटासारखी तुटली. वरच्या बाजूला रंग होता, धड. सगळं गेलं होतं ते खालून.

पूर्वेच्या बाजूचा एकही पत्रा गेला नाही. वारा तिथेही होता.

वादळाने छप्पर नेलं असं गावात मी सगळ्यांना सांगितलं. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. त्या चकत्या मी एका डब्यात ठेवल्या आहेत. बारा दिवाळ्या त्यात आहेत.

*

कित्येक दिवस वीज नव्हती. गिरण बंद, भात पोत्यांत, पोत्यांवर ताडपत्री. पत्रे मिळत नव्हते. सबंध कोकणालाच एकदम पत्रे हवे होते. महिन्याने आले. मिस्त्रींनी कडेच्या आडव्यावर बोल्ट दुप्पट घेतले. मी विचारलं, मधल्या आडव्यांना का नाही? ते म्हणाले, मधे वारा भांडत नाही, कडेला भांडतो.

नवे पत्रे एकावर एक रचून अंगणात होते आणि मधेच एक सर आली. त्यांनी जेवण सोडून ते सुटे केले, पुसले, तिरके उभे केले. नव्या जस्ती पत्र्यांच्या थप्पीत पाणी शिरलं की पांढरा गंज धरतो, छपरावर चढायच्या आधीच. नव्या वस्तूला आपण मोकळं सोडतो, ती नवी आहे म्हणून. उघड्या हवेत राहून जस्तावर स्वतःचा संरक्षक थर चढायला काही महिने लागतात. तोवर ते तान्हंच असतं.

*

आता दिवाळीला आणि शिमग्याला मी वळचण धुतो. मुलगी नळी धरते, मी शिडीवर. पाणी परत अंगावर येतं, खारट लागतं. पहिल्यांदा तिने ते ओठांवरून जिभेने चाखलं आणि माझ्याकडे बघत राहिली. समुद्र दिसत नाही आमच्या अंगणातून. तिला तो त्या दिवशी पत्र्याच्या खालच्या अंगाला सापडला.

तिने विचारलं, आजोबांना हे कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, बोटीवरच्या लोकांनी. मग ती म्हणाली, आणि तुम्हाला?

*

यंदा रोहिण्या लागल्यावर दारं लोटली, गोणपाट टाकलं, दिवे मालवले. बांबू तोच आहे, खडू नवा. काळोखात तीन ठिपके दिसले. दोन जोडावरचे होते, ते आम्ही दुपारीच बुजवले. तिसरा फायबरच्या पत्र्याला लागून आहे, तिथे मी चढत नाही. फुली मारून ठेवली आहे. खाली घमेलं ठेवलं आहे. मृग चार दिवसांवर आला आहे आणि मिस्त्री रविवारी येतो म्हणाले आहेत.